दहा बोटांचा जखमी

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या भावावर. मागच्या आषाढातल्या तिसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नसरापूरजवळच्या एका कारखान्यात, पहिल्या पाळीला. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं प्रेसखाली गेली. वेळ एवढी नेमकी सांगते, कारण चहाची सुट्टी साडेदहाला असते आणि तो अजून म्हणतो, "धाच मिन्टं ऱ्हायली हुती, ताई."

कागदोपत्री मात्र तो त्या वेळी तिथं नव्हताच. कागदोपत्री तो आमच्या गावी, पासलीच्या वरच्या वाडीत शेरडं राखत होता आणि बोटं गेली ती आमच्या थोरल्या दादाची. दादाची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. तुम्ही म्हणाल, मोजून बघा की. मोजली. त्यासाठी तीन डॉक्टर बसले होते. ते पुढं येईलच.

मी भोरला राहते. कामगारांसाठी पत्रकं लिहिते, छापून घेते आणि फाट्यावर उभी राहून वाटते. बहुतेक लोक त्यात वडे गुंडाळतात. तेवढ्यापुरता माझा कागद कामाला येतो. त्यातल्या एका पत्रकात मी कामगार विम्याचा जन्म सांगितला होता. हा विमा मुळात जर्मनीतला. तिथल्या एका करड्या राज्यकर्त्यानं तो आणला. मायेचा पूर आला होता म्हणून नव्हे, तर कामगार लाल झेंड्यामागं जाऊ नयेत म्हणून. आपल्याकडं स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा कायदा झाला. देशात सगळ्याचीच टंचाई होती, तरी कुणाला तरी सुचलं, की कामगारानं पगारातून थोडं द्यावं, मालकानं त्याहून जास्त द्यावं, आणि ज्याच्यावर वेळ येईल त्यानं न लाजता घ्यावं. आजारपण, बाळंतपण, अपघात, मरण, सगळं त्यात. कुठल्या बोटाला किती टक्के अपंगत्व धरायचं त्याचा तक्तासुद्धा कायद्याला जोडलेला आहे. अंगठा फार महाग आहे. करंगळीला कुणी विचारत नाही.

आमच्या वाडीत हे वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे सावडच की गं!"

आईनं एका वाक्यात जे सांगितलं ते मला चार पानांत जमलं नव्हतं. सावड म्हणजे, आज आम्ही सगळे तुझ्या खाचरात लावणीला, उद्या तू आमच्या खाचरात. तुझा माणूस तापानं पडला तर त्याच्या जागी भाऊ पाठव, चुलता पाठव, सून पाठव. खाचर काही आधारकार्ड मागत नाही. माणूस भरला म्हणजे झालं. विमा म्हणजे अनोळखी लोकांशी केलेली सावड. फक्त या सावडीत कार्ड लागतं, आणि कार्डावर फोटो असतो.

दादा त्या कारखान्यात ठेकेदाराकडून लागला होता. नसरापूरला खोली, सुट्टीला पासली. धाकटा घरी, शेरडांमागं. आषाढात चिखलणी आली की औताला दादाच लागतो, कारण आमचा तांबडा बैल दुसऱ्या कुणाला जुमानत नाही. रजा मागायला दादा ठेकेदाराच्या सुपरवायझरकडं गेला. हा सुपरवायझर म्हणजे मोठा उदार माणूस. म्हणाला, "रजा घेतलीस तर जागा गेली. पर तुला भाऊ हाय न्हवं? तुझ्यावानीच दिसतोय. पाठीव त्याला. मला आकडा भरायचाय, भाऊ कंचा का असंना."

आणि माझ्या घरच्यांना यात काहीही वावगं वाटलं नाही! का वाटावं? पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. दादानं गळ्यातलं कार्ड काढलं, धाकट्याच्या गळ्यात घातलं आणि म्हणाला, "टोपी डोळ्यावर वढ, जास्ती बोलू नगंस." झालं प्रशिक्षण. प्रेस कसा बंद करायचा ते कुणी सांगितलं नाही, कारण कागदोपत्री तो चार वर्षांचा अनुभवी कामगार होता.

त्या आधीच्या रविवारी मी घरी गेले होते. मला हे कळलं होतं. मी धाकट्याला एवढंच विचारलं, "अरे, हे चालतं का?"

तर तो दात काढून म्हणतो, "तूच तर छापलंयस, 'हे कार्ड साऱ्या घराचं आहे.' मंग म्या काय घराबाहीरचा हाय व्हय?"

छापलं होतं. ठळक अक्षरात. दादाच्या कार्डावर वहिनीला, मुलांना, आईला औषधोपचार मिळतात, एवढंच मला म्हणायचं होतं. कायद्याच्या घरात बायको येते, पोरं येतात, म्हातारे आईबाप येतात. एका ताटात जेवणारा, लग्नाचं वय झालेला सख्खा भाऊ येत नाही. हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं, कारण वाक्य लांब होत होतं. त्या रविवारीही मी हसले आणि चहा घेऊन भोरच्या एसटीत बसले. सगळ्यांची हजेरी घेताना माझी स्वतःची राहू नये, म्हणून सांगितलं.

मंगळवारी बोटं गेली. सुपरवायझरनं टेम्पो बोलावला, रुमाल बांधला आणि वाटेत धाकट्याला बजावलं, "दवाखान्यात भावाचं नाव सांगायचं. कार्ड त्येचं, इलाज फुकट. तुझं नाव सांगितलंस तर दोगंबी घरी बसाल." दुखण्यानं पांढरा पडलेला माणूस दुसरं काय सांगणार? सांगितलं. अपघाताच्या वहीत दादाचं नाव, दवाखान्याच्या केसपेपरवर दादाचं नाव. दादा त्या वेळी पासलीत गुडघाभर चिखलात तांबड्याला शिव्या घालत होता.

मग कायमच्या अपंगत्वासाठी डॉक्टरांच्या मंडळापुढं जायची तारीख आली, अर्थातच दादाच्या नावानं. आता जायचं कुणी? धाकटा गेला तर फोटो जुळत नाही, दादा गेला तर बोटं जुळत नाहीत. सुपरवायझरनं पुन्हा औदार्य दाखवलं. "पट्टी बांधून जा, दोन बोटं आत मुडपून धर. कोण सोडून बघतंय?"

आणि आम्ही गेलो! मीसुद्धा. आम्ही खोटं वागलो, हे लिहिताना माझा हात थरथरत नाही. ज्यांचे थरथरायला हवेत, त्यांचे हात सही करायला मोकळे आहेत. दादा पट्टी बांधून आत गेला, धाकटा बाहेर माझ्याशेजारी खरा हात खिशात घालून बसला. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांनी शांतपणे पट्टी सोडली. दादानं बोटं मुडपून धरली होती, पण तो बैल हाकणारा माणूस, नाटकातला नव्हे. डॉक्टर म्हणाले, "हात सैल सोडा." दादानं सोडला. दोन्ही बोटं सरळ उभी राहिली.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "उगवली की! भाताची रोपं लावली होती काय?"

बाकीचे दोघे हसले. दादा मान खाली घालून उभा. मग धाकटा उठला, आत गेला आणि खिशातून हात काढून टेबलावर ठेवला. "सायेब, ही बगा. ही माजी हायती. म्हंजे, न्हाईती."

कुणी हसलं नाही. पण मंडळापुढं अर्ज दादाचा होता, आणि दादा धडधाकट होता. 'अपंगत्व नाही' असा शेरा पडला. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी दादाला काढलं. कारण काय, तर फसवणूक. भाऊ आणलेलं आम्हाला माहीतच नव्हतं, असं त्यानं लिहून दिलं, आणि त्याखाली त्याच सुपरवायझरची सही. त्याची अक्षरं फार सुंदर आहेत.

मी धाकट्याच्या नावानं नवा अर्ज केला. कायदा म्हणतो, जो राबला तो कामगार. नाव नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. त्यानं नोंदवलं नाही म्हणून जखमी माणसाचा हक्क जात नाही. हे वाक्य मला पाठ आहे. पुण्यातल्या विमा कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकून बाईंनाही पाठ होतं. त्या चांगल्या आहेत, तेच तर वाईट.

"बाई, कायदा तुमच्या बाजूचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण तो त्या मशीनवर होता, याला पुरावा काय?"

"बोटं," मी म्हणाले.

"बोटं गेली ते दिसतंय. कुठं गेली ते दिसत नाही. उसाच्या चरकातही जातात, कडबा कापायच्या यंत्रातही जातात. वहीत तुमच्या मोठ्या भावाचं नाव, दवाखान्यात त्यांचंच. ते तुम्हीच सांगितलंत. आता कुणीतरी येऊन म्हटलं पाहिजे, की मी पाहिलं. एक माणूस आणा. चौकशी उघडी ठेवायला सांगते."

एक माणूस. मशीनच्या त्या ओळीत त्या दिवशी आणखी आठ जण होते. आठांनी प्रेस थांबताना पाहिला. त्यातल्या एकानं धाकट्याचा हात वर धरला होता, एकानं जमिनीवरून जे उचलायचं ते उचललं होतं. आठांच्या दारी मी गेले. एक जण म्हणाला, त्याचं तोंड दुसरीकडं होतं. एक म्हणाला, "ताई, माझी बी पोरं हायती." एकाच्या घरी मला पोहे मिळाले, चहा मिळाला, पुन्हा या असंही मिळालं, साक्ष तेवढी मिळाली नाही. एकानं तर माझंच पत्रक पुढं केलं. "ह्यात लिवलंय, साक्षीदाराला कामावरनं काढता येत न्हाई. खरं हाय का?" मी म्हटलं, खरं आहे. तो म्हणाला, "मागल्या पत्रकातलंबी खरंच हुतं की."

मी ते पत्रक घडी घालून पिशवीत ठेवलं.

यंदाची लावणी झाली. भाताचं रोप अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत धरतात आणि चिखलात रोवतात. दुसरी पद्धत नाही. धाकट्यानं उरलेल्या बोटांत धरून पाहिलं, मग डाव्या हातानं. त्याची ओळ सगळ्यांच्या मागं राहिली आणि रोपं पाण्यावर तरंगू लागली. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "आरं, भाऊ पाठीव जागंवर!" चेष्टाच होती, नेहमीची. तो हसला आणि शेरडांकडं गेला. तो पंचवीस वर्षांचा आहे. कारखाना त्याला घेणार नाही, खाचर त्याला घेत नाही, आणि जन्मभर थोडासा आधार देणारा जो एक कायदा स्वातंत्र्याबरोबर जन्माला आला, तो त्या आठांतल्या एकाच्या तोंडाकडं बघत बसला आहे.

त्या आठांनी दर महिन्याला विम्यात आपला वाटा घातला आहे. सावड मान्य केली आहे. मग सावडीला यायचं नाही, हे कुठल्या गावात चालतं?

तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते, हळहळू नका. तुमच्या घरातून, आळीतून कुणी नसरापूरला पहिल्या पाळीला जात असेल, तर हे पान त्याच्यापुढं धरा आणि विचारा, त्या मंगळवारी त्या प्रेसवर कोण होतं? तो दुसरीकडं बघेल. पुन्हा विचारा. चौकशी अजून उघडी आहे आणि दर सोमवारी सकाळी साडेआठला मी नसरापूर फाट्यावर पुण्याच्या एसटीसाठी उभी असते. त्याला एक खाडा करायला लावा आणि घेऊन या. कार्ड नसलं तरी चालेल. पण या वेळी त्याच्या जागी भाऊ पाठवू नका.