शेजारच्या खाटेपाशी चाललेलं इंग्रजी

सासूबाईंना कोल्हापुरात दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा शेजारच्या खाटेवर गारगोटीकडची एक बाई होती. तिचा साठी ओलांडलेला नवरा स्टुलावर बसून नातवाच्या इंग्रजी पुस्तकातून पाठांतर करायचा. "गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट." दर शब्दाला अंगठा बोटाच्या एकेका पेरावर टेकवायचा. अर्थ मला विचारायचा. मी सांगायचे आणि मोसंबी सोलायला लागायचे.

बायको एकदा वैतागली. "ह्या वयात मॅट्रिकला बसताय व्हय?"

त्यानं पुस्तकाचं पान उलटलं. ती झोपल्यावर मीच विचारलं, "हा उद्योग कशाला?"

"ताई, डॉक्टर मला मराठीत 'काळजी करू नका' म्हनत्यात, आनि खरं काय ते एकमेकाला इंग्रजीत सांगत्यात. मला खरं पायजे."

मला पटलं. मग स्लोली, क्विकली हेही मी त्याच्याकडून घोटून घेतलं.

एका सकाळी मोठे डॉक्टर आले. रिपोर्ट बघून हाताखालच्या डॉक्टरला म्हणाले, "शी इज गेटिंग वर्स. व्हेरी क्विकली." मग याच्या खांद्यावर थोपटून "काळजी करू नका" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

तो बराच वेळ पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिला.

"काय म्हनालं वो डॉक्टर?" बायकोनं विचारलं.

त्यानं तिचं पांघरूण गळ्यापर्यंत नीट ओढलं.

"कालच्यापरास बरी हाईस म्हनालं. लई बरी."