लेटाचा कान

'बेथनी' बोटीवर शिट्टी वाजवायची नाही, हे ग्रँड मनान बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. शिट्टीने झोपलेला वारा उठतो. बाहेरून देवमासे बघायला येणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. ऊन पडलेलं, समुद्र शहाण्यासारखा वागतोय, असं दिसलं की त्यांच्या ओठांचा चंबू झालाच! मग लेटा डॅगेट स्वयंपाकघरातून ओगराळं घेऊन वर यायची आणि त्या माणसाच्या खांद्यावर एक ठोका द्यायची. "वारा तुम्ही बोलावणार आणि ओकाऱ्या मी धुणार, होय?"

एकोणीस वर्षांत एकही शिट्टीवाला सुटला नव्हता. चर्चचे नवे पाळक आले होते, त्यांनाही प्रसाद मिळाला होता. बोटीवरच्या चहाच्या किटलीची शिट्टीसुद्धा लेटाने पहिल्याच दिवशी पकडीने उपटून समुद्रात टाकली होती.

लेटा सदुसष्ट वर्षांची. बोट तिच्या धाकट्या भावाची, मेरिलची. त्याची मुलगी डॉर्कस बोटीवर देवमाशांच्या शेपट्यांचे फोटो काढायची आणि कुठला मासा कुठला हे वहीत टिपायची. लेटा सूप करायची. पण खरं म्हणजे ती बोटीचा कान होती. या खाडीत धुकं कधी येईल याचा नेम नाही. धुकं आलं की मेरिल इंजिन बंद करी, सगळ्यांना गप्प बसवी आणि बहिणीकडे बघे. लेटा बोटीच्या पुढच्या टोकाशी जाऊन डोळे मिटून उभी राहायची. कुठेतरी देवमासा श्वास सोडायचा आणि लेटाचा हात तिकडे वळायचा. तो हात सांगेल तिकडे मेरिल बोट नेई, किंवा नेत नसे.

दुसरं काम पाखरांचं. शरदात जंगलातली इवली पाखरं दक्षिणेकडे निघतात, वाऱ्याने भरकटतात आणि दमूनभागून बोटीवर येऊन पडतात. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर पिवळी रेघ. आलेलं पाखरू पाहुणा, त्याला हुसकायचं नाही, हीही बेटावरची रीत. लेटाकडे बुटांची रिकामी खोकी होती, भोकं पाडलेली, आत जुना मोजा. पाखरू दोरांत कुठे दडलंय हे ती स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावर सांगायची.

सांगायची. आता सांगत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी घरची किटली कोरडी होऊन करपली, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं. किटली शिट्टी घालून घालून थकली होती आणि लेटा शेजारच्या खुर्चीत बसून लोकर विणत होती. मग तिच्या ध्यानात आलं, अंगणातल्या झाडावरही अलीकडे बारीक आवाज नाहीत. पाखरं गेली नव्हती, तिचा कान गेला होता. सगळा नाही, फक्त वरचा, बारीक आवाजांचा.

हे तिने देवाखेरीज कोणाला सांगितलं नाही. नवरा आर्डन गेल्यापासून घरात दिवस सरत नसे. बोटीवर पाय ठेवला की ती माणसात यायची. कान गेला म्हटल्यावर मेरिल तिला बोटीवर ठेवणार नाही. आणि तो बरोबरच असेल, हे तर जास्तच बोचायचं. ती लोकांची तोंडं बघून पाखरू ओळखायला शिकली. चार माणसांनी माना वर केल्या की म्हणायची, "आलं का? मला वाटलंच."

त्या दिवशी सप्टेंबरची अठ्ठावीस तारीख होती. प्रवाशांत थॉर्नडाइक नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, गळ्यात दुर्बीण, खिशात पक्ष्यांचं पुस्तक. दुपारी लेटा वर येऊन कपांत सूप वाढत होती, एवढ्यात डोलकाठीच्या दोरात एक पिवळ्या रेघेचं पाखरू येऊन बसलं. पोस्टमास्तर हरखले. त्याला खाली बोलवावं म्हणून त्यांनी दातांच्या फटीतून केसासारखी बारीक शिट्टी काढली. एकदा नाही, तीनदा.

डॉर्कसने दोन्ही हात कानांवर ठेवले. सुकाणूपाशी मेरिल गर्रकन वळला. दोघं ओगराळ्याची वाट बघत होती.

लेटा पोस्टमास्तरांपासून हातभर अंतरावर होती. तिने त्यांच्या कपात सूप ओतलं आणि गोड हसून विचारलं, "मिरी घालू?"

लेटाने वर पाहिलं, तर मेरिल तिच्याकडेच बघत होता आणि डॉर्कस खाली मान घालून उभी होती.

"काय झालं?" लेटा म्हणाली. "सुपात माशी पडली का?"

"काही नाही, आत्या," डॉर्कस म्हणाली.

थोड्या वेळाने मेरिल स्वयंपाकघराच्या दारात आला. सुकाणू डॉर्कसकडे देऊन आला होता, म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

"त्या पोस्टमास्तराने शिट्टी वाजवली, लेटा. तुझ्या कानाशी. तीन वेळा."

लेटाच्या हातातलं ओगराळं पातेल्यात थांबलं. "मग? म्हातारा माणूस. दिलं सोडून."

"तू? तू पाळकांना सोडलं नाहीस!"

"मेरिल, तू सहा वर्षांचा असताना पँट ओली केलीस ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तूही थोडं पोटात ठेव की."

मेरिल हसला नाही. "किती दिवस झाले?"

ती खोटं बोलू शकली असती. पण समोर धाकटा भाऊ, आणि काल रविवारीच ती चर्चला जाऊन आली होती. "दोन वर्षं," ती म्हणाली.

"दोन वर्षं! आणि मी तुझ्या हाताकडे बघून बोट हाकतोय!"

एवढ्यात वरून डॉर्कसची हाक आली. "बाबा! धुकं!"

वारा नाही उठला, धुकं आलं. बघता बघता बोटीचं पुढचं टोक दिसेना. मेरिलने वर धावत जाऊन इंजिन बंद केलं, सगळ्यांना गप्प केलं. लेटा सवयीने जिन्याची पहिली पायरी चढली. तेवढ्यात मेरिल म्हणाला, "डॉर्कस, पुढे तू उभी राहा."

लेटा पायरीवरच थांबली. हातात ओगराळं तसंच होतं, त्यातून सूप ठिबकत होतं. रागवायला जागा नव्हती. देवा, तिने मनात म्हटलं, जे काढून घेतलंस ते तुझंच होतं. पण या जागेवरून मला उठवू नकोस.

आणि मग तिला ऐकू आलं. ऐकू आलं म्हणण्यापेक्षा छातीत आलं. फूऽऽह. जाड, ओला, सावकाश श्वास. अगदी समोरून. त्याच्या पाठोपाठ एक आखूड, घाईचा. फुः.

"डावीकडे आहे," डॉर्कस पुढून हलक्या आवाजात म्हणाली. "लांब आहे, बाबा. समोर मोकळं आहे."

मेरिलचा हात इंजिनच्या चावीवर गेला.

लेटा ओगराळ्यासकट वर आली. "चालू करू नकोस."

"लेटा, आत्ता नको."

"ऐक. शिट्टी मला ऐकू आली नाही, कबूल. पाखरंही येत नाहीत. पण हे येतंय. डावीकडचा आवाज धुक्याचा, तो परतून येतोय. जनावर समोर आहे. आणि एकटं नाही, पिल्लू आहे बरोबर."

डॉर्कसने नाही म्हणून मान हलवली. तिला समोरून काहीच ऐकू येत नव्हतं. मेरिलने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. लेटाचा हात समोर रोखलेला होता, ओगराळ्याच्या टोकापर्यंत सरळ. मेरिलने चावीवरून हात काढला.

सगळे उभे राहिले. बोट लाटांवर नुसती डुलत होती. कोणीतरी खोकणार होतं, त्याने तो खोकला गिळला. पोस्टमास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, चर्चमध्ये काढतात तशी.

मग समोर, दोन बोटींच्या अंतरावर, पाणी फुगलं. काळी पाठ वर आली, डोंगर उगवावा तशी सावकाश. श्वास उडाला आणि त्याचा सडक्या कोबीसारखा वास सगळ्यांच्या तोंडावर आला. तिच्या कुशीला चिकटून एक छोटी पाठ, फुः करणारी. आई आणि लेकरू. बेटाच्या पाण्यात या जातीचे इतके थोडे उरलेत की डॉर्कस त्यांना नावाने ओळखायची. तिच्या हातात कॅमेरा होता, पण तो उचलायचं तिला सुचलं नाही.

इंजिन चालू झालं असतं तर बोट थेट त्या दोघांवर गेली असती.

मायलेकरं बोटीच्या बाजूने निघून गेली. बऱ्याच वेळाने मेरिलचा आवाज आला. "लेटा, आता?"

"आता मागे आहेत. लांब. चल हळूहळू."

डॉर्कस आत्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं. "आत्या, हलू नकोस. तुझ्या टोपीवर पाखरू बसलंय. केव्हापासून चिवचिवतंय."

"केव्हापासून?"

"देवमासा वर आला तेव्हापासून. सगळ्या बोटीला ऐकू येतंय, तू सोडून."

लेटा पुतळ्यासारखी उभी राहिली. डॉर्कसने पाखरू अलगद ओंजळीत घेतलं आणि मोज्याच्या खोक्यात ठेवलं.

संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर लेटाने खोकं झुडपांपाशी नेऊन उघडलं. पाखरू काठावर बसलं. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. लेटा टक लावून बघत राहिली.

"काय म्हणतंय गं?"

"तुला नावं ठेवतंय," डॉर्कस म्हणाली. "म्हणतंय, बाईंच्या डोक्यावर बसून घसा सुकला."

पाखरू उडून गेलं. मेरिल मागे दोर गुंडाळत उभा होता. "उद्या सात वाजता," तो दोराकडे बघतच म्हणाला. "धुक्यात तू पुढे. बारीक आवाज डॉर्कसकडे. ती तुझ्या खांद्याला हात लावून सांगेल. आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर..."

"तर पँटची गोष्ट मी प्रवाशांना सांगेन," लेटा म्हणाली.

पोस्टमास्तर थॉर्नडाइक फळीवरून उतरून निघाले होते. लेटा भराभरा त्यांच्या मागे गेली आणि ओगराळ्याने त्यांच्या खांद्यावर तीन ठोके दिले, मोजून.

"अहो बाई! हे कशाला?"

"दुपारचे राहिले होते," लेटा म्हणाली.