फायलीतला सातवा महिना

काकूंनी "सातवा" म्हणून सांगितलं तेव्हा मी स्ट्रेचरवर होते, पूर्ण शुद्धीत होते, आणि माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा कितीतरी बरं होतं. तरी मी गप्प राहिले.

काकू आमच्या बनेद अल-गारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या चिपळूणच्या, कुवेतमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या. एकोणीसशे नव्वदचा रमझान नुकताच सुरू झाला होता. सकाळी माझ्या अंगावरून पाणी जायला लागलं, नवरा ऑफिसात होता, म्हणून त्यांनीच मला टॅक्सीत घालून सरकारी हॉस्पिटलात आणलं. पहिलं बाळंतपण पुण्याला आईकडे व्हायचं होतं. तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. नवऱ्याची रजा एकदा पुढे ढकलली गेली, मग दुसऱ्यांदा, आणि मी बॅग भरून बसले होते.

नर्सने इंग्रजीत विचारलं, किती आठवडे. मला चौतीस हा आकडा पाठ होता. पाळीची तारीख मी डायरीत लिहून ठेवली होती.

"सेवन मंथ, सिस्टर," काकू म्हणाल्या. "सात पूरा."

नर्सने मनाशी हिशोब केला आणि फायलीवर तीस लिहिलं. क्लिनिकचं कार्ड मागितलं तर काकूंनी हात हलवले. कार्ड भरलेल्या बॅगेत होतं, बॅग घरी.

मग माझ्या कानाशी वाकून त्या मराठीत म्हणाल्या, "आठवा हा शब्द काढायचा नाही. सातव्यातलं पोर तगतं. आठव्यातलं हाताला लागत नाही. माझ्या सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलंय."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण परक्या माणसांसमोर मोठ्या बाईला खोटं पाडायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं, आणि तेच मला कधी जमलं नव्हतं. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करायची नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला सातवा महिनाच हवा होता.

मुलगा झाला. साडेचौदाशे ग्रॅम. मला दाखवला आणि लगेच घेऊन गेले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात आत फक्त आईला सोडत. हिरवा गाऊन, कोपरापर्यंत धुतलेले हात. बापाला भेटीच्या वेळेत काचेबाहेरून बघायची परवानगी. बाळ काचेच्या उबेच्या पेटीत पालथं होतं, डोक्याची एक बाजू भादरून तिथे सलाईनची सुई लावली होती. पेटीच्या पायथ्याशी कार्ड: आईचं नाव, वजन, आणि तीस.

पहिल्याच दिवशी त्याची साखर उतरली. सलाईन वाढवलं की वर यायची, कमी केलं की पुन्हा खाली. हातपाय बारीक थरथरायचे. दर दोन-तीन तासांनी टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचे. तिथली एक नर्स लातूरकडची होती. मराठी ऐकून ती माझ्याशी बोलायची, पण हातातलं काम न थांबवता.

"वजन चांगलंय ताई," ती म्हणाली. "तीस आठवड्याच्या मानानं एकदम बरोबर. म्हणूनच डॉक्टर कोड्यात पडलेत, की साखर का राहीना. इन्फेक्शन असंल म्हणून अँटिबायोटिक लावलंय."

मी दूध काढून आणायची. रबरी फुगा लावलेला काचेचा पंप होता, तो उकळायचा, अर्धा तास झगडायचं, आणि बाटलीचा तळ जेमतेम झाकला जायचा. ते दूध नाकातल्या नळीने जायचं. तिसऱ्या दिवशी मी बघत होते तेव्हा त्याने मूठ तोंडाशी नेली आणि चोखायला लागला. नुसती हालचाल नव्हती ती. चोखायचा, थांबायचा, गिळायचा, परत चोखायचा.

"सिस्टर, याला अंगावर घेऊ का? हा चोखतोय."

"तीस आठवड्याच्या लेकराला ते जमत नाही ताई. दूध फुप्फुसात गेलं म्हणजे? अजून महिनाभर तरी नळीच."

महिनाभर. मी कार्डाकडे बघितलं. तो आकडा माझ्यामुळे तिथे होता आणि आता तोच मला नियम शिकवत होता.

दुसऱ्याच दिवशी मला घरी सोडलं होतं. काकूंच्या मते दहा दिवस बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. मी रोज दोनदा ओलांडत होते, त्यामुळे त्यांनी तह केला होता: त्या सोबत येणार आणि मी कानाला रुमाल बांधणार. रोजे चालू होते, बाहेर उघड्यावर खायची सोय नव्हती, म्हणून पार्किंगमध्ये गाडीत खाली वाकून मी हळिवाचा लाडू खायची. पुढे नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. ऑफिस दुपारीच सुटायचं, तो उपाशीपोटी थेट यायचा.

"डॉक्टरांना खरे आठवडे सांगायला हवेत," मी म्हणाले. घास तोंडात असल्यामुळे असेल, पण बोलले.

"काय गरज आहे?" काकू शेजारून म्हणाल्या. "चांगलं चाललंय."

"चांगलं नाही चाललेलं. साखर उतरतेय."

"उतरेल नाही तर काय. एवढंसं पोर. तुम्हा इंग्रजीवाल्यांना सगळं पुस्तकात बघून पाहिजे. खा तो लाडू आधी."

मी आरशात नवऱ्याचे डोळे शोधले. "अहो, कार्ड सापडलं का?"

"सापडलं. खिशातच आहे."

"मग?"

तो समोर बघत म्हणाला, "सरकारी फायलीत एकदा लिहिलं गेलंय. आता आपण जाऊन सांगायचं की आम्ही खोटं बोललो? जन्मदाखला व्हायचाय. मग त्याचा पासपोर्ट, मग इथे राहायचा इकामा. आमच्या ऑफिसात एकाचं नाव दोन कागदांवर वेगळं आलं तर सहा महिने फिरतोय बिचारा. खाडाखोड नको. डॉक्टर आहेत ते, त्यांना बघून कळत नाही का?"

"बरोबर बोलतोयस," काकू म्हणाल्या. "शहाणा आहेस."

मला दोघांचाही इतका राग आला की लाडूचा उरलेला अर्धा भाग मी डब्यात परत टाकला. पण रागावून मी काय केलं, तर रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली.

आणि डॉक्टरांना खरंच बघून कळत होतं, हेच सगळ्यात वाईट होतं. चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टर राउंडला आल्या. उंच, चष्मेवाल्या, रोज्यामुळे ओठ सुकलेले. त्यांनी बाळाच्या पायाच्या तळव्यावरून अंगठा फिरवला, कानाची पाळी दुमडून सोडून दिली. ती लगेच सरळ झाली. परत तळव्याकडे बघितलं. तिथे रेघा होत्या, अगदी टाचेपर्यंत. तीस आठवड्यांच्या बाळाला त्या नसतात, हे मला नंतर कळलं.

"तारीख नक्की आहे तुमची?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

काकू बाहेर होत्या. नवरा काचेपलीकडे. आत मी एकटी होते, प्रश्न मला विचारला होता, आणि मला येणाऱ्या भाषेत विचारला होता. यापेक्षा सोपी संधी मला मिळणार नव्हती.

"फायलीत आहे तीच," मी म्हणाले.

त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या पेटीकडे गेल्या. त्यांच्या मागून चालणारी लातूरची नर्स मात्र वळून माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी आम्ही गाडीतून घरी निघालो. काकू म्हणाल्या, सटवाईची पूजा उद्या आहे, बाळ इथे नसलं तरी कोरा कागद आणि पेन पाटावर ठेवायचं, ती येऊन त्याचं नशीब लिहून जाते. मी मान हलवली. माझ्या मनात आलं, लिहिणारीला सांगणारं कोणीतरी लागतंच. पण तेही मी मनातच ठेवलं.

पाचव्या दिवशी दुपारी नर्सने एक फॉर्म आणला. साखर अजून टिकत नव्हती, रक्तातून काही निघालं नव्हतं, तेव्हा आता पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायचं ठरलं होतं. बापाची सही हवी होती. मी फॉर्म घेऊन काचेपाशी गेले. नवऱ्याने दारातून हात आत घालून तो घेतला, अरबी-इंग्रजी मजकूर बोट फिरवत वाचला आणि खिशातून पेन काढलं.

"सुई कुठे घालणार?" त्याने विचारलं.

"कंबरेच्या वर. पाय पोटाशी दाबून धरतात, हलू नये म्हणून."

"दुखेल?"

असा प्रश्न विचारून तो पेनचं टोपण काढत होता. मी त्याच्या हातातला फॉर्म ओढून घेतला. कागदाचा कोपरा फाटला. मागे काकू म्हणाल्या, "अगं, काय करतेस?" पण मी आत वळले होते.

मोठ्या डॉक्टर सिंकपाशी हात धूत होत्या. मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले आणि नळ बंद होईपर्यंत थांबले. नळ बंद झाला.

"चौतीस," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी काय म्हणून विचारलं. मग मी पाळीची तारीख सांगितली, क्लिनिकच्या कार्डावर तीच आहे असं सांगितलं, कार्ड नवऱ्याच्या खिशात आहे हेही सांगितलं. "आमच्याकडे आठवा महिना म्हणत नाहीत. म्हणून सात सांगितलं."

त्या हात पुसत राहिल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी काल विचारलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे हा लवकर आलेला नेहमीच्या वजनाचा मुलगा नाही. हा पोटात नीट वाढलाच नाही. अंगात साठाच नाही, मग साखर उतरणारच." त्या नर्सकडे वळल्या आणि भराभर सांगायला लागल्या: साखरेचं सलाईन वाढवा, दूध दोन तासांनी, चोखतो का बघा, पाठीची तपासणी आज नको, उद्यापर्यंत थांबू. मग जाता जाता मला म्हणाल्या, "इंग्रजी तर तुम्हाला छान येतं."

लातूरच्या नर्सने कार्डावरच्या तीसवर लाल रेघ मारून बाजूला चौतीस लिहिलं. "काल का नाही बोललात ताई?" तिने विचारलं. मी हातातल्या फाटक्या फॉर्मची घडी घातली. ती म्हणाली, "आमच्याकडंबी आठवा म्हणत नाहीत. पण डॉक्टरला म्हणतात."

तपासणी लागली नाही. दोन दिवसांनी साखर टिकायला लागली. त्याच दिवशी संध्याकाळी त्याला माझ्या अंगावर दिला आणि त्याने चोखलं, दमेपर्यंत. ते सोपं झालं असं मात्र नाही. कावीळ झाली, वजन आणखी उतरलं, पोटात का वाढला नाही याचं नीट उत्तर कोणी दिलं नाही, आणि पुढे दर महिन्याला त्याच्या डोक्याचा घेर मोजायला न्यावं लागायचं. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग जन्मदाखला आला. त्यावर आठवडे लिहायला जागाच नव्हती. तो कागद त्याने उलटसुलट करून बघितला आणि फायलीत लावून टाकला. मला त्याने काही म्हणावं असं फार वाटत होतं.

घरी आणल्यावर काकू वाटीत काजळ घेऊन आल्या. फहाहीलहून त्यांच्या ओळखीच्या दोघी मुद्दाम बाळ बघायला आल्या होत्या. "सातव्यातला हो," काकू कौतुकाने म्हणाल्या. "बघा कसा तगलाय."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी बाळाचं मोजे घातलेलं पाऊल हातात धरलं होतं. टोचून टोचून टाच काळीनिळी झाली होती, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारल्यानंतरचे टोचे कुठले, हे आता शोधून काढता येत नव्हतं.

"आठव्यातला," मी म्हणाले.

काकूंनी काजळाची वाटी टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला माझ्याच स्वयंपाकघरात निघून गेल्या.