काकांच्या टोपीची डीव्हीडी

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस मीच. (बाकीच्यांना तो चालूच करता येत नाही, त्यामुळे स्पर्धा नव्हती.) म्हणून थोरल्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग डीव्हीडीवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

काम साधं नव्हतं. शेलूचे मोठे काका रुसले होते. आमच्याकडे लग्नात मानाच्या पुरुषांना मांडवात बोलावून टोपी घालतात. अक्षता चुकल्या तर चालतं, टोपी चुकली की बोलणं बंद. काका म्हणत, मला टोपी मिळालीच नाही. वडील म्हणत, जरीच्या काठाची खास आणलेली, मी स्वतःच्या हातानं घातली. आता धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं आणि काका यायला तयार नाहीत. थोरल्या भावाशिवाय मांडव कसा घालायचा, या काळजीनं वडिलांना जेवण जात नव्हतं. पुरावा हवा होता, आणि काका मोबाईलवर काही बघत नाहीत. त्यांचा विश्वास डीव्हीडी प्लेअरवर!

अख्खं लग्न एका डिस्कवर मावेना. पडद्यावरची, डिस्कमधली जागा दाखवणारी पट्टी लाल झाली. एकतर काहीतरी कापा, नाहीतर क्वालिटी कमी करा. मी वडिलांना विचारलं.

"कुणालाच कापू नको रं. ज्याला कापशील, तो उद्या रुसंल."

मी क्वालिटी खाली ओढली. अगदी तळाला गेल्यावर पट्टी हिरवी झाली, तेव्हा मी मला फार हुशार वाटलो. (डिस्क लावून बघायची असते, हे त्या हुशारीत बसलं नाही.)

रविवारी खोपोलीहून आम्ही शेलूला गेलो. टीव्हीवर हळद लागली, ती सगळ्या पडद्याला लागली. नवरी म्हणजे लाल चौकोन, नवरा म्हणजे पांढरा. शेवटी एका चौकोनानं दुसऱ्या चौकोनाच्या डोक्यावर तिसरा चौकोन ठेवला. वडिलांनी उठून त्यावर बोट ठेवलं.

"हा बघ दादा, तू."

"हा मी? ह्याला नाक तरी हाय का?"

"नाक नाय?" काकी आतून म्हणाल्या. "मग राग कुठं ठेवलाय त्यानं?"

काका आणखी फुगले. आता माझ्या अब्रूचाही प्रश्न होता. मी जाहीर केलं की फक्त टोप्यांचा कार्यक्रम घेतो, सगळ्यात वरच्या क्वालिटीत. पुढच्या रविवारी नवी डिस्क याही वेळी लावून न बघताच खिशात घातली, ऊन लागू नये म्हणून घरात सापडलेली एक टोपी डोक्यावर चढवली आणि वडिलांना मोटरसायकलवर मागे बसवून निघालो.

काकांच्या टीव्हीवर चित्र असं स्वच्छ की मांडवातल्या माश्यासुद्धा ओळखू याव्यात. माईकवर काकांचं नाव पुकारलं. काका गर्दीतून वाट काढत निघाले. लेक सासरी जाणार म्हणून वडील रडत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. तेवढ्यात माईकची वायर सरळ करायला एक शहाणा त्यांच्यापुढे वाकला. वडिलांनी डबडबल्या डोळ्यांनी टोपी त्याच्या डोक्यावर बसवली आणि पाया पडले. शहाण्यानं मान वर केली, कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि टोपीसकट निघून गेला.

तो शहाणा मी होतो. जरीचा काठसुद्धा स्पष्ट दिसत होता.

काकांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग माझ्या डोक्याकडे. ते उठले, ती टोपी काढून झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. वडिलांनी त्यांचे पाय धरले तेव्हा दोघांचेही डोळे भरले होते.

"लगीन कधी हाय?" काकांनी विचारलं.

धाकटीच्या लग्नाला ते दोन दिवस आधीच आले. त्या लग्नाचीही डीव्हीडी मीच केली. कुणाला न विचारता क्वालिटी तळाला ओढली.