नदीपल्याडचं न्हाणं

ताईनं मला एक दिवस दिला होता. तो माझ्या तोवरच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता, आणि तो तिनं आठ दिवसांत परत काढून घेतला. मी काही क्षमाशील बाई नाही. ही गोष्ट मी अजूनही रागानंच सांगते.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर शेतात, म्हणून मला कडेवर तिनं वाढवलं. माझ्या केसांतल्या उवा तिनं काढल्या, पाटीवर अ-आ तिनं गिरवून घेतलं. मी तेरा वर्षांची असताना ती लग्न होऊन आदिलाबादजवळच्या मावल्याला गेली. आमचं गाव तिकडच्याच बेल्याच्या अंगाला, म्हणजे फार लांब नव्हे. पण तिला माहेरी यायचं तर सासूला विचारावं लागे, आणि सासूला दर वेळी काही ना काही दुखणं निघे. सहा वर्षांत ती किती वेळा आली ते मी बोटांवर सांगू शकले असते. आली तरी आईशी कुजबुजत बसायची. मी दाराशी घुटमळत राहायची.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराचा तो हिवाळा. बारावी होऊन मी घरी बसले होते, मास्तरकीच्या शिक्षणाला नंबर लागायची वाट पाहत. कापूस वेचणी चालू होती. अशात एका सकाळी ताई नवऱ्याची जीप घेऊन दारात. सोबत फक्त ड्रायव्हर.

"चाल, कपडे घे," ती म्हणाली. "नदीपल्याड गरम पाण्याच्या कुंडावर जाऊ. दिवसभर मजा करू. तू अन् मी."

मला खरंच वाटेना. वेचणीच्या दिवसांत ताप आला तरी बाबा सुट्टी देत नसत. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "जा न. कापूस काई पळून नाई चालला." तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण हव्या त्या गोष्टीवर कोण संशय घेतं?

आमच्या घरात बाबांची बहीण राहायची, माझी आत्या. नवऱ्यानं टाकलेली. तिच्या हातांवर, मानेवर कोडाचे पांढरे डाग होते, तेवढ्यासाठीच टाकलेली. स्वयंपाक तिच्याच हातचा आम्ही खात होतो आणि कोणाला काही झालं नव्हतं, पण गावात तिच्या हातचं पाणी काही जण टाळायचे. त्या दिवशी ती ओल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "मलेबी नेता का वं? माहे हातपाय लय दुखून राह्यले."

"जीपमंदी जागा नाई, आत्या," ताई म्हणाली.

मागची अख्खी सीट रिकामी होती. मी ती पाहत होते आणि गप्प राहिले. मला ताई एकटी हवी होती.

वाटेत धुकं होतं. ताईनं मांडीवर स्टीलचा डबा धरला होता. तो उघडून तिनं मला दाखवला तेव्हा मला काही समजलंच नाही. सोनेरी-लाल पन्नीत गुंडाळलेले चौकोनी तुकडे. "चॉकलेट हाय. मी केलं," ती म्हणाली. आदिलाबादेत कापसाच्या एका जिनिंगच्या मालकाची बायको बायकांना चॉकलेट करायला शिकवत होती. कोकोचा डबा हैदराबादेहून यायचा. लोणी, दूध पावडर, साखर घोटून फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये थापायचं. ताईनं त्यात आपल्याकडची चारोळी भाजून घातली होती. मला चॉकलेट म्हणजे दुकानातल्या बरणीतली लाल-पिवळी गोळी ठाऊक. हे आधी कडू लागलं, मग जिभेवर पसरलं, आणि चारोळी दाताखाली आली. मी दुसरा मागितला. तिनं स्वतःच्या हातानं पन्नी सोडून माझ्या तोंडात घातला. एकोणीस वर्षांची घोडी मी, आणि मला भरवलेलं आवडलं.

"थंड मुलखात लोकं असंच करतात म्हने," ती सांगत होती. तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. "आधी वाफेत बसतात, मंग बर्फाच्या पाण्यात उडी, मंग पुन्हा वाफेत. बिमारी म्हणून नाई, हौस म्हणून. पैसे देऊन."

"येडे हायेत का?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

कुंड दगडी होतं. बायकांच्या बाजूला भिंतीचा आडोसा. जानेवारीच्या गारठ्यात पाण्यावर वाफ तरंगत होती आणि गंधकाचा वास नाकात जात होता. आधीच दोघी बाया पाण्यात बसलेल्या होत्या, एक साठीची, एक तिच्याहून लहान. साठीची म्हणाली, गुडघ्यांसाठी आलो, डॉक्टर थकले. मी परकर छातीशी बांधून उतरले आणि गळ्यापर्यंत बुडाले. हाडांतली थंडी निघाली ती तिथं.

मग आम्ही ओल्या अंगानं धावत नदीवर गेलो. पैनगंगेचं पाणी चावत होतं. मी किंचाळले, ताई किंचाळली, आणि एकमेकींना धरून आम्ही परत कुंडात. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा अंगातून अशी काही ऊब निघाली की मला वाटलं, त्या थंड मुलखातली माणसं येडी नसावीत.

मग ताई म्हणाली, "ये, पाठ घासून देतो." डाळीचं पीठ तिनं घरूनच आणलं होतं. "सोड न ती गाठ, साऱ्या बायाच त हायेत." मी परकर कमरेपर्यंत सोडला. तिनं माझे केस गोळा करून वर धरले आणि पाठ घासू लागली. साठीची बाई जवळ सरकली. "आण वं, मी लावतो. तू थकशील." तिनं माझ्या कानांमागे पीठ लावलं. बोटं फाकवून मधल्या बेचक्या चोळल्या. काखा, गुडघ्यांची मागची बाजू, पायांची बोटं, काही सोडलं नाही. दुसरी नुसती बसून बघत होती. "कोनाची वं ही? लय गुनाची हाय," साठीची म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जग किती मायेचं असतं, असं मला वाटलं. मी उठून डबा आणला आणि तिला ओल्या हातानं चॉकलेट दिलं.

परतताना मी ताईच्या खांद्यावर झोपले.

आठव्या दिवशी घरात सारवण, आवराआवर सुरू झाली. मला पाहायला येणार होते. मुलगा ताईच्या नवऱ्याचा मावसभाऊ, मावल्यातच ताईच्या घराशेजारी राहणारा. ताई आदल्या दिवशीच आली होती. मला फारसा राग आला नाही. पोरी पाहतातच, आणि ताईच्या शेजारी घर म्हणजे वाईट काय?

पदर डोक्यावर घेऊन मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. समोर मुलगा, त्याचे वडील, आणि जरीच्या लुगड्यात ती साठीची बाई. मला इतका आनंद झाला की मी रीतभात विसरले.

"मावशी! गुडघे कसे हायेत आता?"

आईनं मान खाली घातली. ताईनं डोळे मिटले. ती बाई मात्र मोकळ्या मनाची होती, ती हसली.

"माहे गुडघे धडधाकट हायेत, पोरी. घरात आत्याचं तसं असल्यावर खात्री करा लागते न. आमचं त पाहून झालं, हे आजचं नुसती रीत. नखभर डाग नाई हो पोरीच्या अंगावर." शेवटचं वाक्य तिनं नवऱ्याकडे वळून सांगितलं, बैलाचे दात पाहून आल्यासारखं.

मला आधी नीट कळलंच नाही. मग एकेक गोष्ट कळत गेली. बाबांनी दिलेली सुट्टी. मागची रिकामी सीट. आणि ताईनं वर धरलेले केस. मला वाटलं होतं, ती लहानपणीसारखी न्हाऊ घालतेय. तिनं पाठ दिसावी म्हणून केस बाजूला केले होते. त्या बायांचं मला काहीच वाटलं नाही, त्या परक्या होत्या. पण तो हात ताईचा होता.

मी ट्रे खाली ठेवला.

"मंग तुमच्या पोरालेबी उतरवा न पैनगंगेत," मी म्हटलं. "मी काठावर बसून पाहातो. त्याच्या अंगावर कुठं काय हाय, ते मले कसं कळन?"

मुलगा बिचारा आपल्या बुटांकडे पाहत राहिला. त्याची आई उठली. पोहे तसेच राहिले. बाबा म्हणाले, मी घराची अब्रू वेशीला टांगली. टांगली असेल. माझी त्यांनी कुठं टांगली होती, ते मी विचारलं.

ताई मागच्या अंगणात रडत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुले सारं ठाऊक होतं?"

"हाव."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"माह्या वेळी मायनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मलेबी तिथंच नेलं, बंडीत बसवून. वाटेतच सांगितलं का, आज तुले पाहाले बाया येतीन, नीट बस. मी साऱ्या आंघोळीत रडत होती. तुह्या वेळी मी ठरवलं, हिले कळूच द्याचं नाई. एक दिवस तरी हिनं मजा करावी. अन् तू किती हासत होती वं त्या दिवशी!"

हे ती चांगल्या मनानं बोलत होती. तेच मला सहन झालं नाही. तिनं मला फसवलं याचा तिला पश्चात्ताप नव्हता, तिला ते नीट जमलं याचं समाधान होतं. मी तिला म्हटलं, यापुढे माझ्या अंगाला हात लावू नको.

आत्या चुलीपाशीच बसून होती. रात्रीच्या भाकरी तिनं रोजच्यासारख्या थापल्या. मला वाढताना एवढंच म्हणाली, "जागा नाई म्हटली, तवाच मले समजलं होतं." मी तिचीही गुन्हेगार होते, पण तिनं माझ्याशी भांडण केलं नाही. तिनं केलं असतं तर बरं झालं असतं.

लग्न मोडल्याचं ताईला सासरी बरीच वर्षं ऐकावं लागलं. मला ते कळत होतं आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

पुढे मी मास्तरीण झाले. लग्न माझ्याच शाळेतल्या मास्तरांशी केलं. पहिल्याच बोलण्यात मी त्यांना आत्याचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग?" त्या एका शब्दावर मी होकार दिला. आत्या माझ्या लग्नात सगळ्यांत पुढे बसली होती, मी बसवली होती. या जुन्या रीतींवर मी शाळेत बायांशी, पालकांशी तावातावानं बोलायची. कोड म्हणजे नुसता रंग गेलेला, त्यानं काही बिघडत नाही, हे मी कितीदा समजावलं असेल.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात आली. आम्ही बोलत नव्हतो, तरी आली. तिनं बाळ उचललं, खिडकीच्या उजेडात नेलं, दुपट्यातून सोडवलं आणि अलगद पालथं केलं.

"काय पाहून राह्यली?" मी ओरडले. टाके दुखले इतक्या जोरात. "ठेव तिले खाली! अजून तेच?"

ताईनं बाळाला परत गुंडाळलं, माझ्या कुशीत ठेवलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"तू नाई पाह्यलं?" तिनं विचारलं.

मी पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी, नर्स खोलीबाहेर गेल्याबरोबर.