तिसऱ्या पुडीचा फोटो

संपादकांची मेल आली तेव्हा मी घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर सह्या करत बसले होते. आमच्या छापून आलेल्या शोधनिबंधातल्या दोन फोटोंवर कुणा वाचकाने लाल चौकोन काढून पाठवले होते. आम्ही तीन वेगवेगळ्या तापमानांना एक पूड तयार केली होती. तापमान वाढेल तसे तिचे कण बारीक होतात, एवढाच आमचा शोध. आणि तिसऱ्या पुडीच्या जागी दुसरीचाच फोटो होता, जरा फिरलेला, जरा मोठा. छापण्याआधी तो निबंध मी निदान वीसदा वाचला असेन. तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

माझ्या विद्यार्थिनीला बोलावून घेतलं. तिची पीएचडी याच कामावर उभी, तोंडी परीक्षा महिन्यावर आलेली. ती दिंडोशीहून धावतपळत आली.

"मॅडम, मायक्रोस्कोपवाल्यांनी एकेका पुडीचे चार-चार फोटो दिले होते. कुठला कशाचा ते लिहिलंच नव्हतं ना! तुम्ही म्हणालात, त्यातल्या त्यात छान दिसतो तो लाव. मी लावला."

म्हणाले होते खरी. मी सगळ्यांनाच तसं सांगते.

संपादकांना मूळ फायली हव्या होत्या. मायक्रोस्कोपवाल्यांकडे प्रत उरली नव्हती; त्या फक्त आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरवर होत्या आणि तो कॉम्प्युटर मीच पुसून घेतला होता. का, तर तपासणी समिती येणार! समिती येणार म्हटलं की आमच्याकडे भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, बाटल्यांना नवी लेबलं. त्या भरात "हा जुना कचरा काढून टाका" असं मी ऐटीत सांगितलं होतं. समितीने कॉम्प्युटर सुरूसुद्धा केला नाही. समोसे खाल्ले आणि गेली.

बोरिवलीच्या कॉलेजात शिकवणारी मैत्रीण ही निबंधाची तिसरी लेखिका. ती फोनवर म्हणाली, "अगं, पोरीची चूक म्हणून लिही ना आणि मोकळी हो. नाहीतर तुझी वाट लागेल, यार." मला तिचा भयंकर राग आला. त्याहून जास्त माझा आला, कारण तशी दोन वाक्यं मी आधीच टाइप केली होती.

ती खोडली. फोटो भरवशाचे नाहीत, मूळ फायली माझ्या सांगण्यावरून पुसल्या गेल्या, म्हणून निबंध मागे घेत आहोत, असं सरळ लिहिलं. विद्यार्थिनीनेही सही केली. आता तोंडी परीक्षा पुढे ढकललेली, आणि काम पुन्हा पहिल्यापासून. ती रडेल म्हणून मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. ती रडली नाही.

"मॅडम, पण तिसऱ्या पुडीचे कण खरंच बारीक झाले होते ना?"

चार वर्षं त्या भट्टीसमोर तिने काढली होती. मी तिची गाइड. आणि मला हो म्हणता येईना.