चार नंबरचा हात

उमरखेडच्या जफर मिस्त्रींची आरजू घाटंजीच्या शाळेत रोबोटची मास्तरीण झाली, तेव्हा तिच्या अम्मीने मोहल्ल्यात पेढे वाटले आणि रोबोट म्हणजे काय, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळंच उत्तर दिलं. जळालेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या बापाच्या दुकानात आरजू वाढलेली, तारांना भ्यायची नाही. दुकान बंद करताना भिंतीतली एकूण एक पिन काढायची, ही घरची शिस्त तिच्या अंगात मुरली होती. आपल्याकडची विजेची लाइन कधी उसळेल, याचा काय भरवसा!

शाळेच्या ऑफिसातला प्रिंटर असाच जळाला, तेव्हा तिने रुपीबाईंना बजावलं, "मावशी, जाताना साऱ्या पिना काढत जा." रुपीबाई जवळच्या तांड्यावरच्या, रोबोटची खोली उघडणं, झाडणं, बंद करणं त्यांच्याकडे. आरजू सांगून मोकळी झाली. रुपीबाई मात्र रोज संध्याकाळी सगळं काढायच्या आणि सकाळी मॅडम यायच्या आत पुन्हा लावून ठेवायच्या. कॉम्प्युटरच्या मागच्या तारासुद्धा. मॅडमला आयतं मिळावं, एवढाच हेतू.

खोलीत चार लोखंडी हात होते, कापसाचं गाठोडं सहज उचलतील असे दणकट. प्रत्येकाला चालवणारा एकेक कंट्रोलर, आणि चारही कंट्रोलर यूएसबीने एकाच कॉम्प्युटरला जोडलेले. प्रिंटर जळाला त्याच आठवड्यापासून हे हात बिथरले. एक नंबरला हुकूम द्यावा तर तीन नंबर हलायचा. आरजूने वेगळ्या विजेवर चालणारा हब आणला, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. अब्बूंना फोन केला, तर ते म्हणाले, "बेटा, अर्थिंग पाह्य." जगातल्या कुठल्याही बिघाडावर जफर मिस्त्रींचं हेच औषध. तेही करून झालं.

शेवटी एका दुपारी तिने चारही तारा नव्या टाकल्या, कॉम्प्युटरवर चारही हातांच्या जोडण्या नव्याने नेमून दिल्या, आणि चौघेही सुतासारखे सरळ आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बिघाड तारांचाच होता म्हणून आरजू खुशीत घरी गेली. खोली रोजच्यासारखी रुपीबाईंनी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपीबाई चार नंबरच्या पंजाखाली फडकं मारत होत्या. आरजूने त्यांना पाहिलं होतं. आपण एक नंबर चालवतोय, तो पार त्या टोकाला, असा विचार करून तिने एक नंबरला हुकूम दिला, पकड.

पकडलं ते चार नंबरने. रुपीबाईंचं मनगट.

रुपीबाई किंचाळल्या, बांगड्या कडाकडा फुटल्या. आरजूने पडद्यावरचं चार नंबरचं 'थांब' दाबलं. पुन्हा दाबलं. थांबायचा हुकूम भलत्याच हाताला जात होता आणि पंजा आवळतच होता. आपणच या बाईचा हात मोडतोय आणि आपल्याला थांबवता येत नाही, एवढंच तिला कळत होतं. मग तिने झेप घेऊन भिंतीवरचं मेन स्विच पाडलं, तसा पंजा सैल पडला.

दवाखान्यात टाके पडेपर्यंत आरजूने रुपीबाईंचा दुसरा हात धरून ठेवला. रुपीबाईच हळूच म्हणाल्या, "मॅडम, सकाळी पिना म्याच लावल्या. भलत्या भोकात लावल्या काय?"

"तुमी लावता? कॉम्प्युटरच्याबी?"

"रोजच लावतो ना. साऱ्या एकसारख्याच त हायेत."

आरजूला सगळं उमगलं. ते स्वस्तातले कंट्रोलर खरंच एकसारखे होते. कुणालाही स्वतःची ओळख नाही. कोण कुठल्या भोकात बसलाय, एवढ्यावरच कॉम्प्युटर त्यांना ओळखत होता. महिनाभर तिने यंत्रांना, तारांना, अब्बूंना विचारलं होतं. एकाच खोलीत राबणाऱ्या या बाईला विचारावं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली. सुजलेली बोटं एकेक करून हलली. अंगठा सगळ्यात शेवटी, जेमतेम.

"मावशी, आता त्या खोलीत पाय नका टाकू," आरजू रडत म्हणाली. "हेडमास्तरांले मी सांगतो, गलती माझी हाये."

"काहून नाही टाकू?" रुपीबाईंनी डोळे वटारले. "कोनती पिन कोन्या भोकातली, तेवढं दाखवून द्या. कोनी सांगतलंच नव्हतं मले."